उजवीकडचा बारका दात

"ही आई न्हाई."

चार वर्षांची पोरगी एवढंच बोलली आणि मावशीच्या पदराआड गेली. माझ्या खुर्चीत तिची सख्खी आई बसली होती. तोंड उघडं, आणि तोंडात मी करून दिलेले तीन नवे कोरे दात. लातूरपासून नांदेडपर्यंत एवढी सरळ ओळ दुसरी सापडली नसती. पोरगी धावत येऊन आईच्या गळ्यात पडणार म्हणून मी स्टूल मागे सरकवून जागासुद्धा करून ठेवली होती.

"नीट बघ बाळा," मी म्हणालो. "दात आले बघ आईला."

पोरीने पदराआडून एक डोळा बाहेर काढला. बोट थेट माझ्या कारागिरीवर रोखलं. "तिचा दात न्हाई हा."

आयुष्यात पुष्कळ पेशंटनी माझ्यावर आवाज चढवला आहे. एकाने तर बोट चावलं आहे. पण एवढ्या हळू आवाजात मला कुणी नापास केलं नव्हतं.

मी लातूरचा दातांचा डॉक्टर. आता दवाखाना मुलगी चालवते आणि मी बाहेरच्या बाकावर बसून पेशंटचं मन रमवतो. जळकोटच्या एका हवालदाराची अक्कलदाढ काढताना मी, हवालदार आणि खुर्ची असे तिघंही खिडकीपर्यंत ओढत गेलो होतो, असं मी सांगतो. खुर्ची जमिनीला बोल्टने आवळलेली होती, असं आमची बायको सांगते. यांचं बोलणं निम्म्याने वजा करून ऐका, असा तिचा येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ला असतो. या गोष्टीत मात्र वजाबाकी करू नका. वाढवावं असं हिच्यात काही नाही.

भूकंप झाला त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्याकडे नुसतं 'भूकंप' म्हटलं की पुरतं, कोणता ते कुणी विचारत नाही. गणपती विसर्जनानंतरची पहाट होती ती. खुर्चीत बसलेली बाई कमल, किल्लारीजवळच्या एका गावची. वय पंचविशीच्या आतबाहेर. दगडामातीची भिंत, वर माळवदाचं जाड मातीचं छत, आणि ते सगळं अंगावर. नवरा गेला, सासू गेली. कमल सात-आठ तासांनी जिवंत निघाली. डोक्याला खोक, वरचा ओठ फाटलेला, समोरचे उजवीकडचे तीन दात गेलेले. पोरगी स्वाती तेवढी वाचली, कारण ती तिथं नव्हतीच. गौरी-गणपतीला मावशीने अहमदपूरला नेली होती आणि परत यायच्या वेळी पोरगी रडून तिथंच राहिली होती. मावशी म्हणजे कमलची थोरली बहीण विमल, शाळेत शिक्षिका.

कमल अडीच महिने सोलापूरच्या दवाखान्यात होती. तिथून गावच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. विमल पोरीला घेऊन भेटायला गेली तर पोरगी किंचाळत बाहेर पळाली. तिचं तरी काय चुकलं? डोक्यावर केस नाहीत, ओठावर टाक्यांची काळी रेघ, तोंडात भगदाड. विमलने तिला उचलून परत अहमदपूरला नेलं.

केस येतील, ओठही थोडा बसेल, पण दात काही आपोआप उगवणार नाहीत, हे कमलने स्वतःच ओळखलं. त्या दिवसांत आम्ही काही डॉक्टर आळीपाळीने शेडमध्ये जात होतो. संक्रांतीच्या आसपास ती माझ्या टेबलापुढे आली. तोंडावर हात धरून.

"डॉक्टरसायब, दात बसवता का? माझी पोरगी मला भिऊन राहिली."

दुसरा कुणी डॉक्टर असता तर हे ऐकून गप्प झाला असता. मी गप्प होणारा माणूस नाही. मी म्हणालो, "दात? असे दात करून देतो की यमाने बघितलं तर म्हणेल, या बाईच्या अंगावर भिंत पडलीच नाही, माझी नोंद चुकली. पोरगी पळत येईल, पळत!"

कमल हसली. हात तोंडावरच होता. दात गेलेत म्हणून तोंड झाकते, असं मी धरलं. धरलं म्हणजे धरलं, विचारलं नाही.

आता आमचं काम कसं चालतं ते सांगतो. आधी तोंडाचं माप घ्यायचं. गुलाबी लगद्यासारखा मसाला वाटीत कालवून तोंडात दाबायचा. तो घट्ट झाला की काढायचा आणि त्यात प्लास्टर ओतायचं. पेशंटचा जबडा पांढरा होऊन टेबलावर येतो, त्याला मॉडेल म्हणतात. मॉडेलवर मेणात नवे दात मांडायचे, शेवटी मेणाच्या जागी काढता-घालता येणारी छोटी कवळी होते. हे तयार दात बाजारात सहा-सहाच्या संचात मिळतात, पट्टीवर ओळीने चिकटवलेले, तीन उजवे, तीन डावे. एका बाजूचे दात आरशात बघावेत तसे दुसऱ्या बाजूचे.

मांडण्याचा नियम साधा. उजवा गेला असेल तर डावा बघायचा आणि तसाच बसवायचा. माझं लॅबचं काम तेव्हा नांदेडला खलीलभाई करायचे. माप एस.टी.च्या पार्सलने जायचं, काम त्याच गाडीने परत यायचं. मी फोन करून म्हणालो, "खलीलभाई, जान ओतायची यात."

"फिकर मत करो डॉक्टरसाब. उजवा गया तो क्या हुआ, डावा है ना गवाही देने को."

आणि डाव्याने साक्ष दिली. कमलचा डावीकडचा दुसरा दात सुंदर होता, भरलेला. खलीलभाईंनी उजवीकडे त्याचा भाऊ आणून बसवला. दात बसवून मी आरसा दिला तेव्हा कमल बराच वेळ बघत राहिली. मग बोटाने उजवीकडचा दुसरा दात चाचपला. "लई चांगले झाले डॉक्टरसायब," म्हणाली. मी पुढच्याच रविवारी पोरीला दवाखान्यात बोलावून घेतलं. शेडमध्ये नको, इथंच, माझ्यासमोर. मला तो क्षण बघायचा होता. खरं सांगायचं तर मला टाळ्या हव्या होत्या.

टाळ्यांऐवजी काय मिळालं ते वर सांगितलंच.

विमलने पोरीला बाहेरच्या बाकावर बसवलं, बिस्किटाचा पुडा हातात दिला आणि आत आली. वाकून बहिणीच्या तोंडात बघितलं. वर्गात वही तपासावी तसं.

"कमल, तुझा तो बारका दात कुठं हाय?"

कमल खाली बघायला लागली.

"कुठला बारका?" मी विचारलं.

"उजव्या अंगाचा, समोरून दुसरा. लहानपणापासून बारका होता हिचा, टोकदार. डॉक्टर, तुम्हाला बोलली न्हाई ही?"

"कमलबाई, कामून सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलं न्हाई," कमल म्हणाली. मग खाली बघतच बोलायला लागली. "त्या दातापायी दोन जागी सोयरीक मोडली. सासू म्हणायची, देवानं दात देताना हात आखडला. सगळं आयुष्य तोंडावर हात ठेवून काढलं. म्हणलं, नवीन होऊनच राहिलेत तर चांगले होऊ द्या. चांगली दिसले तर पोरगी लवकर येईल."

विमल म्हणाली, "आगं, ती रोज त्या दाताला बोट लावून झोपायची. पिल्लू दात म्हणायची त्याला. तूच शिकवलं होतंस ना?"

बाहेरून बिस्किटं खाल्ल्याचा आवाज येत होता.

वाचकहो, एक गोष्ट आत्ताच करून बघा. आरशापुढे उभं राहून डावे-उजवे दात नीट बघा. दोन्ही बाजू सारख्या वाटतील. पण आमच्या पेशात एक मापाचा चिमटा असतो, दातावर धरला की रुंदी सांगतो. तो लावला तर कुणाच्याही तोंडात डावं-उजवं तंतोतंत जुळत नाही. फरक केसाएवढा असतो, नजरेला कळत नाही, एवढंच. त्यातल्या त्यात समोरचा दुसरा दात फार लहरी. कधी एका बाजूचा नीट येतो आणि दुसऱ्या बाजूचा खुंटीसारखा बारीक. त्याला आम्ही पेग लॅटरल म्हणतो. हा आजार नव्हे. बऱ्याचदा घराण्यात उतरतो, आणि आईला उजवीकडे असेल तर लेकीला डावीकडेसुद्धा येऊ शकतो. हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो, पेपरात लिहिलं होतं, पासही झालो होतो. तरी एका बाजूवरून दुसरी छापली. सगळे तसंच करतात. बहुतेक वेळा चालूनही जातं.

आता बारका दात करायचा, पण केवढा? कमलच्या घरात एकच फोटो होता, लग्नातला, तो ढिगाऱ्यात गेला. सापडला असता तरी उपयोग नव्हता, कमल म्हणाली, फोटोत तोंड मिटलेलं होतं. विमल म्हणाली तांदळाएवढा. कमल म्हणाली तांदळापेक्षा मोठा, ज्वारीचा टपोरा दाणा असतो तसा. दोघी बहिणींचं जमेना. नक्की माहीत असलेलं माणूस एकच होतं आणि ते बाहेर बिस्किटं खात होतं.

"तिलाच विचारू," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात आणा."

पुढच्या आठवड्यात नुसता निरोप आला. पोरीला दवाखान्यातून गेल्यावर ताप भरला होता. झोपेत दचकत होती. मग बरी झाली, पण विमलची शाळा, पोरांच्या परीक्षा. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर आणते, असं तिने कळवलं. तिचंही बरोबर होतं. माझ्या हौसेपायी आधीच एकदा पोरगी घाबरली होती.

मधले अडीच महिने कमल दोनदा विचारायला येऊन गेली. तोवर मी खलीलभाईंकडून दात बदलून घेतला होता. मुद्दाम जरा मोठाच ठेवला, कारण घासून दात लहान करता येतो, लहान केलेला मोठा करता येत नाही. या दोन खेपांना मी कमलला कोणतीच गोष्ट रंगवून सांगितली नाही. तिनेच एकदा विचारलं, "डॉक्टरसायब, आज बोलून न्हाई राहिले?"

एप्रिलच्या शेवटी विमल पोरीला घेऊन आली. कमलचे केस तोवर कानापर्यंत आले होते. ओठावरची रेघ फिकी झाली होती. मी पोरीला उंच स्टुलावर बसवलं, आईच्या अगदी समोर. मशिनच्या आवाजाला घाबरेल म्हणून हातानेच घासायचं ठरवलं, बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन.

दात बसवला. "एवढा होता का गं पिल्लू दात?"

मान हलली. नाही.

काढला, घासला, धुतला, बसवला. "आता?"

"अजून बारका."

पुन्हा घासला. विमल खिडकीशी उभी होती. कमल तोंड उघडं ठेवून बसली होती, गिळायलासुद्धा घाबरत होती. आयुष्यभर डॉक्टरांनी पेशंटला सांगितलं, इथं चार वर्षांचं माणूस डॉक्टरला सांगत होतं.

"अजून."

"अजून घासला तर तुटेल, बाळा."

"अजून थोडासाच."

चार हात मारले. खडीसाखरेच्या बारीक खड्याएवढा दात राहिला. बसवला. पोरगी वाकून बघायला लागली. मग तिने हात पुढे केला आणि तर्जनी त्या दातावर ठेवली. तशीच ठेवून राहिली. कमलच्या डोळ्यांतून पाणी सरळ कानाकडे ओघळलं, पण तोंड तिने मिटलं नाही.

"हां," पोरगी म्हणाली. "आस्साच."

इथं थांबलो असतो तर. पण माझी जीभ! मी म्हणालो, "मग सांग बरं, कोण हाय ही?"

पोरीने बोट काढलं. कमलकडे नीट बघितलं. न घाबरता, समजूतदारपणे. आणि म्हणाली, "आईसारखी हाय."

मग स्टुलावरून उतरली आणि खिडकीशी जाऊन विमलचा हात धरला. "आई, चल ना घरी."

विमलचा चेहरा मी विसरलेलो नाही. तिने काही चोरलं नव्हतं, पण चोरी पकडल्यासारखी उभी होती. कमलने दोन बोटांनी दात काढला, रुमालाने पुसला, परत बसवला. म्हणाली, "ने विमल तिला. उन्हं चढून राहिली. अहमदपूरची गाडी चुकंल."

अडीच महिने आधी मी बरोबर दात केला असता तर पोरगी गेली असती का आईकडे? माहीत नाही. कोणत्याही पुस्तकात ते लिहिलेलं नाही. त्या अडीच महिन्यांत मावशीची आई झाली, एवढंच मला माहीत आहे.

पोरगी अहमदपूरलाच वाढली. दिवाळीत, उन्हाळ्यात कमलकडे जायची. तिला 'कमलआई' म्हणायची. कमल वरचेवर यायची, कधी दात सैल झाला म्हणून, कधी चीर गेली म्हणून. बारका दात बसलेल्या तोंडाचं मी नंतर पुन्हा माप घेऊन मॉडेल करून ठेवलं होतं; प्रत्येक वेळी ते कपाटातून काढायचो आणि त्या मापाने बारका दात पुन्हा घडवायचो. प्रत्येक वेळी ती सांगायची, "तेवढाच ठेवा हां." नंतर यायची बंद झाली. शेडच्या दिवसांतल्या एका शेजारणीकडून कळलं, काविळीने गेली.

मग लातूर बदललं. तुम्हाला माहीतच आहे. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या वर हॉस्टेल, हॉस्टेलच्या खाली मेस. अर्ध्या महाराष्ट्राची पोरं डॉक्टर व्हायला आमच्याकडे यायला लागली. माझ्या दवाखान्यात म्हाताऱ्यांच्या जागी बारावीची पोरं बसायला लागली. दाढ ठणकते आणि हातात फिजिक्सच्या नोट्स. भूल चढेपर्यंत दोन गणितं सोडवणारी पोरं मी बघितली आहेत. हे निम्मं करू नका, पूर्ण खरं आहे.

एका दुपारी अशीच एक मुलगी मैत्रिणीला घेऊन आली. बोलताना तोंडावर हात.

"काका, एक दात लहान आहे. दुसऱ्यासारखा करून द्या ना."

"त्रास काय त्याचा?"

"त्रास काही नाही. निकाल लागला की क्लासवाले फ्लेक्स लावतात. फोटो हसरा लागतो."

"आणि टॉपर व्हायच्या आधीच दात?"

"सर म्हणतात, तयारी आधीपासून लागते," मैत्रीण म्हणाली, आणि दोघी हसल्या. हिचा हात तोंडावरच.

मी हात बाजूला करायला सांगितला. डावीकडचा दुसरा दात, खुंटीसारखा. उजवीकडचा भरलेला, सुंदर.

"गाव कुठलं?"

"अहमदपूर."

"नाव?"

"स्वाती."

मी उठलो आणि कपाट उघडलं. जुनी मॉडेल मी बुटांच्या खोक्यांत ठेवतो. बायको दर दिवाळीला ती फेकायला काढते आणि मी परत आत ठेवतो. कमलचं सापडलं. मापाचा चिमटा आधी प्लास्टरच्या दाताला लावला, मग पोरीच्या. तंतोतंत जुळलं असं सांगायची फार इच्छा आहे, पण नाही जुळलं. थोडा फरक होता. फक्त आईचा उजवीकडे, लेकीचा डावीकडे. दोघी समोरासमोर बसल्या असत्या तर बारक्या दातासमोर बारका दात आला असता.

मी तिला सगळं सांगितलं. दवाखान्यातला रविवार, स्टूल, कानस, 'अजून थोडासाच'. ती ऐकत होती. संपल्यावर मैत्रिणीकडे बघून हसली. "हॉस्टेलवर पोरींनी सांगितलंच होतं काका, डॉक्टर गोष्टी लई भारी सांगतात."

तीस वर्षं मी थापा मारल्या आणि लोकांनी डोळे मोठे करून ऐकल्या. हे खरं होतं, आणि कुणाला खरं वाटेना.

मी मॉडेल तिच्या हातात दिलं. तिने ते फिरवून बघितलं. तळाशी माझ्या अक्षरात कमलचं नाव होतं, गावाचं नाव होतं. ती हसायची थांबली. तिची तर्जनी त्या बारक्या दातावर गेली आणि तिथंच राहिली.

"मला यातलं काही आठवत नाही," ती म्हणाली.

"चार वर्षांची होतीस."

"कमलआईचा दात बारका होता, ते आठवतंय. मी नववीत असताना वारली ती." मग म्हणाली, "मला वाटायचं तो तिचाच आहे. खोटा होता?"

"दात खोटा होता. माप तू सांगितलेलं."

"तिनं कधी सांगितलं नाही मला."

मैत्रिणीने घड्याळ बघितलं. "स्वाती, साडेचारला फिजिक्स हाय."

मला वाटलं, आता ही म्हणेल, राहू द्या काका, असाच राहू द्या. मी तर मनातल्या मनात ही गोष्ट तशीच संपवूनही टाकली होती. पण मॉडेल तिने ट्रेवर ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकली. "वीस मिनिटांत होतं ना काका? करून टाका."

मी समजावलं, हे वरून लावायचं असतं, कंपोझिट म्हणतात, दाताच्या रंगाचं. मूळ दात घासायचा नाही, तो आत तसाच राहतो. काढावंसं वाटलं तर दहा मिनिटांत निघतं.

"हो, चालेल."

मी केलं. माझं काम तेच आहे. डावा बघून उजवा केला होता एकदा, आता उजवा बघून डावा केला. फार छान झाला. आरशात बघून ती पहिल्यांदा हात न लावता हसली आणि तोंडात कमलचं काही उरलं नाही. दारापर्यंत गेल्यावर वळून विचारलं, "दहा मिनिटांत निघतं म्हणालात ना?"

"दहाच."

"बरं," म्हणाली आणि फिजिक्सला गेली.

निकालानंतर मी रिकामा वेळ काढून शहरातले सगळे फ्लेक्स बघत फिरलो. हसरी पोरं शेकड्याने होती. ती नव्हती. दातावरचं ते काढून घ्यायलाही अजून आलेली नाही.

आमच्या पेशातली तरुण मुलं सल्ला विचारतात तेव्हा एकच सांगतो. मॉडेलवर दात मांडायच्या आधी चिमटा दोन्ही बाजूंना लावा. आणि जो दात गेलाय तो आधी कसा होता ते पेशंटला विचारा. पेशंटने तुम्हाला आवडेल असं उत्तर दिलं, तर थांबा, आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाला विचारा. हे सगळं त्याच आठवड्यात विचारा. परीक्षा संपायची वाट बघू नका.